सुरीच्या पात्यावर धारेची रेघ मारताना

मासे कापायच्या सुरीला ३ मिमी जाडीची पट्टी घेतलीत, तर धारेच्या कडेवर आखायला जागाही तेवढीच. तिथे रेघ पाव मिलिमीटर सरकली की दोन्ही बाजूंचे उतार कमीजास्त होतात आणि सुरी कापताना एका अंगाला ओढते.

आधी पट्टी सरळ हवी. गाडीच्या कमानपाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) तुकडा असेल तर लाल करून राखेत पुरा, सावकाश थंड झाला की ठोकून सपाट करा. खाली ८-१० मिमी जाडीची काच घ्या. कडप्पा सपाट दिसतो, पण असेलच असं नाही. धारेची कड कानशीने काटकोनात आणा आणि गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरून बघा.

आता रेघ उठून दिसावी म्हणून कडेला रंग. मार्कर उन्हाळ्यात ठीक. पावसात घामट हातांनी पुसून जातो. त्यापेक्षा सुपारीवर फवारायला आणलेलं मोरचूद (कॉपर सल्फेट) बरं. काचेच्या बाटलीत १०० मिली पाण्यात १० ग्रॅम विरघळवा. फवारणीचं तयार बोर्डो मिश्रण मात्र चालणार नाही, त्यात चुना असतो. कड पॉलिश पेपरने घासा, साबणाने धुऊन कोरडी करा आणि बोळ्याने मोरचूद लावा. काही क्षणांत तांब्याचा पातळ लालसर थर बसतो. तो डागाडागांनी बसला तर तेलाचा अंश राहिला आहे, पुन्हा धुवा. नंतर पाण्याने धुऊन लगेच पुसा, नाहीतर तिथेच गंज धरतो. स्टेनलेसवर हा थर नीट बसत नाही, तिथे मार्करच. मोरचूद विषारी आहे: हातमोजे घाला, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.

रेघेसाठी ड्रिल बिट पुरतो. काचेवर आडवा ठेवला की त्याचं टोक व्यासाच्या निम्म्या उंचीवर येतं. पट्टी शेजारी आडवी ठेवा, बिट काचेला दाबून टोक कडेवरून एकदाच ओढा. मग पट्टी उलटी करून तसंच. बिटाचा व्यास आणि पट्टीची जाडी यांत जेवढा फरक, तेवढंच अंतर दोन रेघांत पडतं. ३ मिमी पट्टीला ३.५ मिमी बिट घेतला की ०.५ मिमी. पाणी देण्याआधी, म्हणजे तापवून बुडवून पातं कडक करण्याआधी, धारेला एवढी जाडी ठेवावीच. त्याहून पातळ कड पाण्यात वाकते किंवा तडकते. पट्टी ‘३ मिमी’ म्हणून मिळाली तरी व्हर्निअरने मोजा.

उतार जिथून सुरू होतो ती आडवी रेघ पाठीच्या कडेला गुण्या टेकवून मारा, पाठीवरून वळवून दुसऱ्या बाजूला न्या. स्क्राइबर (रेघ ओढायची टोकदार सळई) थोडा बाहेर कलता धरा, म्हणजे टोक गुण्याच्या बुडाशी चिकटून चालतं. एकाच रेघेवरून दोनदा फिरवलात की जोडरेघ होते आणि कानस कुठे थांबवायची कळत नाही. जोरही नको: खोल ओरखडा घासून गेला नाही, तर पाणी देताना तडा तिथूनच जातो.

काम अर्धवट ठेवून उठायचं असेल तर खोबरेल तेलाचा हात फिरवा. रेघा पुन्हा माराव्या लागल्या तर ते तेल आधी साबणाने काढा.