गावातच बँडचा स्वतःचा स्टुडिओ कसा उभारावा

शहरातला स्टुडिओ तासावर पैसे घेतो आणि ड्रमर-बेसवाल्याचा मेळ बसायलाच दोन रात्री जातात. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्ही बँडची स्वतःची खोली केली. तुम्हालाही जमेल.

आधी खोली, माइक नंतर. जाड मातीच्या भिंतींचं जुनं घर मिळत असेल तर सोडू नका, बाहेरचा आवाज त्या भिंती बराच अडवतात. टिनाचं छत नको. पाऊस सुरू झाला की रेकॉर्डिंग संपलं. खोली चौरसही नको, कारण लांबी-रुंदी सारखी असली की बेसचे काही सूर घुमतात, काही गायबच होतात. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. मागून झणझण आली तर भिंतींवर काम आहे.

त्या कामाला आपल्याकडे कापूस आहे. इंचभर फोम फक्त वरचे, तीक्ष्ण आवाज शोषतो. सुताराकडून चार बाय दोन फुटांच्या, चार इंच खोल चौकटी करून घ्या. गादीवाल्याकडून पिंजलेली रुई आणा, सैलसर भरा, वर सुती कापड ताणून ठोका. ठासू नका, आवाज जिरतो तो धाग्यांमधल्या हवेत. भिंतीपासून चार बोटं सोडून टांगा, कोपऱ्यांत दुप्पट जाड लावा. रुई लगेच पेट घेते. सॉकेट आणि वायरी तिच्यापासून लांबच हव्यात.

लाइनीचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. अर्थिंग कच्चं असेल तर गिटारमागे 50 हर्ट्‌झची गुणगुण येते. उन्हाळ्यात जमीन सुकते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) इन्व्हर्टरवर ठेवा, म्हणजे लाइन गेली तरी टेक, म्हणजे सलग चाललेलं रेकॉर्डिंग, तुटत नाही.

सुरुवातीला चार इनपुटचा इंटरफेस पुरतो. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये 24 बिट, 48 किलोहर्ट्‌झ ठेवा आणि सर्वांत मोठा ठोका मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. ड्रमला तीन माइक बास: एक किकसमोर (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), एक स्नेअरच्या वर (कडक वाजणारा छोटा ड्रम), एक फ्लोअर टॉमच्या बाजूला (जमिनीवर उभा असलेला खर्जाचा ड्रम). इंग्लंडचे इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या पद्धतीतली एक गोष्ट इथे फार कामाची आहे. स्नेअरच्या मध्यावर सुतळीचं एक टोक धरा आणि किकचा सोडून बाकी दोन्ही माइकांचं अंतर सारखं मोजा. नाहीतर एकच ठोका दोन वेळी पोचतो आणि स्नेअर पातळ वाजतो. कंडेन्सर माइक (वीज लागणारा नाजूक माइक) असेल तर इंटरफेसवरचं 48 व्होल्ट फँटम, म्हणजे केबलमधून माइकला जाणारी वीज, चालू करायला विसरू नका.

मे महिन्यात कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, पण टेकच्या वेळी तो बंदच हवा. आमचा एक फार सुंदर टेक कूलरच्या पंपाच्या टपटपीने गेला, ते अजून सलतं. टेक घ्या, कूलर लावा, पाणी प्या, गिटार पुन्हा सुरात लावा, मग पुढचा टेक. गाणं-बिणं आम्ही हिवाळ्यात, रात्री शेतावरच्या मोटारी थांबल्या की घेतो.

खोलीला कुलूप लावण्याआधी दिवसभराच्या फायली दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा आणि एक ड्राइव्ह कुणाच्या तरी घरी न्या.