कथा दुरुस्त करताना या चुका टाळा: वेलांटीला हात सगळ्यात शेवटी

कथा लिहून झाली की मंडळी आधी वेलांट्या तपासायला बसतात. एका परिच्छेदावर अर्धा तास जातो आणि तो परिच्छेद मुळात कथेत नकोच असतो. शेत वखरायच्या आधी कोणी निंदायला बसत नाही. पहिल्या वाचनात फक्त प्रसंग आणि काळ बघा, दुसऱ्यात पात्रं आणि संवाद, तिसऱ्यात वाक्यं. शुद्धलेखन चौथ्यात. चार वाचनांचा धीर नसेल तर चौथं गाळा. वेलांटी संपादक सुधारून घेईल. पहिली तीन तो करत बसत नाही, कथा साभार परत पाठवतो.

इकडच्या, म्हणजे विदर्भातल्या कथांत सगळ्यात जास्त सापडते ती काळाची चूक, आणि ती दुरुस्त करायची पद्धत चुकीहून वाईट. यवतमाळकडच्या एका नवख्याची कथा घ्या. मृगाचा पहिला पाऊस पडतोय आणि माय वावरात कापूस वेचतेय. कोणी तरी टोकलं, जूनमध्ये सरकी (कापसाचं बी) टोबतात, वेचा दसऱ्याच्या आसपास सुरू होतो. गड्याने 'वेचणी' खोडून 'सोयाबीनची सोंगणी' लिहिलं. सोयाबीनही जूनमध्येच पेरतात, सोंगायला, म्हणजे कापायला, सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. मग 'निंदण' केलं आणि पाऊस मृगाचा होता तो आषाढाचा केला. आता सुरुवात बसली, पण शेवट उघडा पडला. त्याच आठवड्यात बाप कापूस जिनिंगवर नेतो, चुकारा (मालाचे पैसे) घेतो आणि पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला जातो. निंदणाच्या दिवसांत घरात कापूस कुठला? म्हणून तिसऱ्या फेरीत 'गेल्या हंगामातला राखून ठेवलेला कापूस' आला. जो बाप सात-आठ महिने कापूस घरात राखू शकतो, तो सावकाराच्या ओट्यावर कशाला बसेल? आणि सावकाराचा प्रसंग तर त्या कथेचा कणा होता.

उपाय एकच होता. मृग काढायचा आणि कथा दिवाळीनंतर सुरू करायची. पण पावसाचं वर्णन 'छान जमलंय' म्हणून त्याला ते सोडवेना. नवख्यांची अर्धी दुखणी या 'छान जमलंय'मधून निघतात.

अशी कथा हातात असेल तर शब्दांना हात लावू नका. वहीचं पान आडवं धरून पाच रकाने पाडा: प्रसंग, महिना, शेतात काय चालू आहे, घरात पैसा किती, कोण किती वर्षांचं. साधारण कथा बारा-पंधरा ओळींत मावते. पोळा श्रावण अमावास्येला, तुरी घरी येतात त्या जानेवारीच्या आसपास, पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये. रकाना जुळत नसेल तर प्रसंग हलवा किंवा काढा. वीस मिनिटांचं काम आहे, तरी दहातले नऊ जण ते करत नाहीत. त्यांना 'फायनल' नावाची फाइल लवकर बघायची असते.

दुसरी लाडकी चूक बोलीची. पहिल्या पानावर बुढी म्हणते, "काऊन बे, कुठी जाऊन राहिला?" आणि चौथ्या पानावर तीच बुढी म्हणते, "मला यायला उशीर होईल." मधल्या काळात ती पुण्याला शिकून आलेली नसते, लेखकाने मधली पानं वेगळ्या दिवशी लिहिलेली असतात. उलटा प्रकारही आहे. दुरुस्तीच्या वेळी कोणी तरी सांगतं, वऱ्हाडी अजून हवी. मग प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बाप्पा' चिकटतं. प्रत्येक पात्राची आठ-दहा रूपं कागदावर लिहून ठेवा, मले, तुले, काऊन, येऊन राहिला. मग त्या एकाच पात्राचे संवाद सलग वाचा, मधलं निवेदन सोडून. सूर घसरतो ती जागा लगेच कानाला लागते. आणि विदर्भ म्हणजे एकच बोली नाही. बांधी (धानाचं वावर), परे (धानाची रोपं), रोवणी (त्यांची लावणी) हे भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातलं. ते अकोल्याच्या पऱ्हाटीवाल्याच्या (कापूस पिकवणाऱ्याच्या) तोंडी घातलं तर गावातला वाचक तिथंच पान मिटतो.

भावना सांगून टाकणं. 'रामरावांना फार वाईट वाटलं. बैलजोडी विकल्याचं दुःख त्यांना सहन होईना. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.' तीन वाक्यं, तिन्ही एकच सांगतात आणि दिसत काहीच नाही. त्याऐवजी: 'रामरावांनी कोठ्यातलं रिकामं दावं सोडलं, गुंडाळलं. मग पुन्हा खुंट्याला बांधलं.' आणि इथंच थांबा. खाली 'त्यांना खूप एकटं वाटत होतं' असं लिहायचा मोह होतो, तो खोडा.

सुरुवातीचा एसटीचा प्रवास: बहुतेक वेळा काढूनच टाका. नायक गावात उतरतो तिथून कथा चालू होते.

'अचानक', 'जणू', 'क्षणभर' हे शब्द फाइलमध्ये शोधून मोजा. अडीच हजार शब्दांच्या कथेत 'अचानक' दोनदा आलं तरी पुष्कळ झालं.

लिहून झाल्या रात्रीच दुरुस्ती करू नका, पंधरा दिवस कथा दिसणार नाही अशी ठेवा. दिवाळी अंकाची मुदत जवळ आली म्हणून जमत नाही ही तक्रार ऐकून घेण्यात अर्थ नाही. दिवाळी दरवर्षी येते.

वाचन मोठ्याने करा. अडीच हजार शब्दांना वीसेक मिनिटं लागतात. श्वास पुरत नाही तिथं वाक्य तोडा. काढलेला मजकूर पुसू नका, 'कातरण' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये टाका, म्हणजे कापताना हात थरथरत नाही. कोणाला वाचायला दिलीच तर 'कशी वाटली' विचारू नका, "मस्त जमली भाऊ" यापलीकडे काही हाती लागत नाही. 'कुठं कंटाळा आला, तिथं रेघ मारा' एवढंच सांगा.

आणि पाठवायच्या आधी फाइलमध्ये 'पऱ्हाटी' शोधा. साधा र, हलंत आणि ह टाइप केलं की रफार डोक्यावर चढतो आणि 'पर्हाटी' होते. तिथं ऱ हे वेगळं अक्षर लागतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल तर वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा हेही एकेक करून बघा.