बोनेरमध्ये शोअर डायव्हिंग: एक दिवस, एक दिशा, तीन डाइव्ह

कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर डायव्हिंगला बोट लागत नाही, पिकअप गाडी लागते. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतो म्हणून बेटाची पश्चिम बाजू आडोशाला, पाणी शांत, आणि रीफ, म्हणजे प्रवाळाची रांग, किनाऱ्यापासून पोहत पाचेक मिनिटांवर. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यावर साइटचं नाव, दगड दिसला की गाडी बाजूला घ्यायची, हवेचा टँक पाठीवर टाकायचा आणि चालत पाण्यात शिरायचं. अशा पन्नासच्या वर जागा आहेत आणि तिथेच सगळा घोळ होतो, सकाळी उत्तरेला कार्पाटा, दुपारी दक्षिणेला सॉल्ट पिअर असं करत माणूस पाण्यापेक्षा गाडीत जास्त भिजतो, घामाने. उत्तरेचा किनारी रस्ता थाउजंड स्टेप्सच्या पुढे वन-वे होतो, परत यायला रिंकोन गावातून वळसा. म्हणून एका दिवसाला एकच दिशा, आणि पहिल्यांदा जाताय तर दक्षिण.

आदल्या दिवशीच उरकायच्या गोष्टी: मरीन पार्कची फी ४० डॉलर (१९७९ पासून बेटाभोवतीचं पाणी संरक्षित आहे, ही फी त्यासाठीच), बेटावर यायचा ७५ डॉलर टॅक्स वेगळा, दोन्ही ऑनलाइन भरता येतात. आणि चेक डाइव्ह. पहिल्यांदा पाण्यात उतरण्याआधी डाइव्ह शॉपवाले नियम समजावतात आणि त्यांच्या समोरच्याच पाण्यात एक साधी डाइव्ह करायला लावतात, खाली जायला अंगावर शिशाचं वजन किती लागतं तेही तिथेच कळतं. हातमोजे चालत नाहीत, हात झाकले की माणूस प्रवाळाला धरतोच. ऑक्सिबेन्झोनवालं सनस्क्रीनही बंद, मी तर सरळ लांब बाह्यांचा रॅशगार्ड घालतो, विषय संपला. आणि एक स्पष्ट सांगतो, मालवणला इन्स्ट्रक्टरने मानेमागून धरून फिरवून आणलं त्याला सर्टिफिकेट म्हणत नाहीत, इथे तुम्ही आणि तुमचा बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, बास. किमान ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट, हवंच.

टँक संध्याकाळीच उचलून गाडीत टाका आणि प्रत्येकाला गेज (आतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा) लावून बघा. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. मागच्या ट्रिपला थाउजंड स्टेप्सला (हजार वगैरे काही नाही, सत्तरेक पायऱ्या आहेत, पण टँक पाठीवर घेऊन वर येताना नाव कुणी ठेवलं ते पटतं) मी पूर्ण खाली उतरलो, पाण्याच्या कडेला उभं राहून गेज बघितलं तर ५० बार, म्हणजे जवळजवळ रिकामा. सकाळचा वापरलेला टँक परत लावला होता. बायको खाली दगडावर बसून हसत होती आणि मी परत वर. तेव्हापासून भरलेल्या टँकच्या तोंडावर टेप, वापरला की टेप काढून कचऱ्यात, आणि रिकामा टँक गाडीत उलट्या दिशेने आडवा.

गाडीचं पण ऐका. काचा खाली, दारं उघडी, आत काहीही नाही. फोन, पाकीट, चांगले गॉगल, सगळं रूमवर. भुरट्या चोऱ्या होतात आणि काच फोडून घेतली तर भाड्याच्या गाडीचा भुर्दंड तुम्हालाच. किल्ली साधी धातूची असेल तर बीसीडीच्या (हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटच्या) खिशात क्लिपला अडकवा, रिमोटवाली मिळाली तर ती पाण्यात टिकणार नाही, गाडी घेतानाच साधी किल्ली मागून घ्या.

आता दिवस. सकाळी ८ च्या आत हिल्मा हूकर. सगळ्यात खोल डाइव्ह आधी, हा एक भाग, आणि उशीर केलात तर त्याच जहाजावर बोटवाले येतात हा दुसरा. ७२ मीटरचं मालवाहू जहाज, १९८४ मध्ये बिघडलं म्हणून बंदरात आणलं, झडती घेतली तर खोट्या भिंतीमागे गांजा सापडला, मग केस चालू असताना तिथेच गळत राहिलं आणि १२ सप्टेंबरला बुडालं. उजव्या कुशीवर झोपलंय, वरची बाजू साधारण १८ मीटरवर, वाळू ३० वर. साध्या हवेवर तळाशी २० मिनिटांच्या वर मिळत नाहीत, तेव्हा आधी खाली जा आणि मग जहाजाच्या अंगाअंगाने वर सरका. ॲडव्हान्स्ड (ओपन वॉटरच्या पुढची पायरी) नसेल तर १८ लाच फिरा, तिथूनही अख्खं दिसतं. आत शिरू नका.

खरी परीक्षा मात्र पाण्यात शिरताना आणि निघताना असते, खाली सगळं सोपंच आहे. किनारा म्हणजे मेलेल्या प्रवाळाचे गोटे, पायाखाली सरकणारे, म्हणून जाड तळव्याचे बूट पाहिजेतच. बीसीडीत थोडी हवा, मास्क डोळ्यावर, रेग्युलेटर (टँकमधून श्वास घ्यायचं नळकांडं) तोंडात, फिन्स (पायात घालायचे पंख) हातात. फिन्स घालून चालायला जाऊ नका, बदकासारखे पडाल. पाय न उचलता घासत घासत पुढे जायचं, बडीचा खांदा धरून, दोन लाटांच्या मधल्या शांत वेळात. कमरेइतकं पाणी आलं की आडवे व्हा आणि तरंगत फिन्स चढवा. येताना उलटं, गुडघाभर पाण्यापर्यंत पोहतच या, लवकर उभं राहिलात की मागून लाट टँकला ढकलते आणि हात नेमका काटेरी सी-अर्चिनवर जातो. उतरण्याआधी मागे वळून खूण धरून ठेवा, गाडी, झाड, काहीतरी, कारण पाण्यातून सगळा किनारा सारखाच दिसतो. आणि रीफवर आधी करंटच्या, म्हणजे प्रवाहाच्या, विरुद्ध जायचं, १२० बारला वळायचं, येताना पाणीच घेऊन येतं.

बाहेर आल्यावर दीड तास तरी काढा. दक्षिणेकडे गाडी घेतली की मिठागरं लागतात, पाणी अक्षरशः गुलाबी, पुढे पांढऱ्या मिठाचे डोंगर, नशीब असेल तर फ्लेमिंगो. त्याच रस्त्यावर गुलामांच्या झोपड्या आहेत, १८५० च्या आसपासच्या, थांबून बघाच. दार इतकं ठेंगणं की मला वाकूनही जमलं नाही, रांगतच आत जावं लागलं, आणि आत उभं राहता येत नाही. मिठावर दिवसभर राबणारी माणसं इथे झोपायची. मी डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती ती त्या झोपड्यांसमोर बसून खाववेना, पुढे जाऊन खाल्ली.

दुपारी सॉल्ट पिअर, सूर्य डोक्यावर असताना. जहाज लागलेलं असेल तर डायव्हिंग बंद, वाद घालू नका, पुढे पिंक बीचला जा. टोकाच्या रेड स्लेव्हला करंट जोरात असतो, पहिल्या ट्रिपला नकोच. पिअर रिकामा मिळाला तर मात्र मजा, खोली फार नाही, खांबांवर पिवळे-केशरी स्पंज, वरून उन्हाच्या पट्ट्या उतरतात आणि मधेच एखादा बॅराकुडा मासा लटकल्यासारखा उभा. इथे घाईने लांब पोहण्यात अर्थ नाही, एक खांब निवडा आणि दहा मिनिटं त्याच्याच भोवती फिरा, छोटे जीव तेव्हा दिसायला लागतात.

मग रूमवर जा, झोपा, पाणी प्या. तिसरी डाइव्ह सूर्यास्ताला, घराजवळच्या आणि आधी बघितलेल्या जागी, चेक डाइव्ह केली तिथेच उत्तम, कारण अंधारात नवीन किनारा शोधणं हा मूर्खपणा आहे. दोन टॉर्च, आणि गाडीजवळ किंवा धक्क्यावर एक दिवा लावून ठेवा. मोठाले टार्पन मासे तुमच्या प्रकाशात शिकार करतात, खांद्याला घासून गेले की पहिल्यांदा जीव जातो. पौर्णिमेनंतरच्या दोन ते पाच रात्रींपैकी एखादी असेल तर सूर्यास्तानंतर पाऊण तासाने टॉर्च विझवा, ऑस्ट्राकॉड नावाचे इवलेसे जीव निळ्या ठिपक्यांच्या माळा सोडत वर जातात. टॉर्च लावून शोधलंत तर काही दिसणार नाही.

२०२३ पासून इथे प्रवाळांचा एक रोग पसरलाय, त्यामुळे सामान धुवायला शॉपमध्ये औषधी पाण्याच्या टाक्या असतात, कंटाळा करू नका, आणि एखादी साइट बंद असेल तर तिथे उतरू नका. शेवटच्या डाइव्हनंतर विमानाला किमान १८ तास गेले पाहिजेत, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारची फ्लाइट असेल तर ही रात्रीची डाइव्ह रद्द, टार्पन पुढच्या वेळी.