पायथॉन मॉड्यूल नेमकं कुठून उचलतं?

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत मॉड्यूल म्हणजे दुसरीकडे लिहिलेला तयार कोड. तो घ्यायला इम्पोर्ट लिहिलं की पायथॉन आधी स्वतःच्या आत बांधलेली मॉड्यूल्स बघतं आणि मग सिस डॉट पाथ या यादीतले फोल्डर क्रमाने धुंडाळतं: चालवलेल्या स्क्रिप्टचा फोल्डर, मग स्टँडर्ड लायब्ररी (पायथॉनसोबतच येणारी मॉड्यूल्स), शेवटी साइट-पॅकेजेस. पिप या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने बसवलेली मॉड्यूल्स सहसा या शेवटच्या फोल्डरात जातात. नाव जिथे पहिल्यांदा सापडेल तिथेच शोध थांबतो.

म्हणून स्वतःच्या फाइलला ‘रँडम डॉट पीवाय’ असं नाव कधीही देऊ नका. त्याच फोल्डरातल्या स्क्रिप्टमध्ये इम्पोर्ट रँडम लिहिलंत, तर स्टँडर्ड लायब्ररीतल्या रँडमऐवजी तुमचीच फाइल उघडते आणि त्यातलं रँडइंट हे फंक्शन वापरायला गेलात की ‘रँडइंट सापडत नाही’ अशी एरर येते. लोक मग पायथॉनच पुन्हा इन्स्टॉल करत बसतात! त्यापेक्षा मॉड्यूलचं ‘फाइल’ हे अ‍ॅट्रिब्यूट (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर) प्रिंट करा. खरा पत्ता लगेच दिसतो. मग फाइलचं नाव बदला.

बसवायचं नाव आणि इम्पोर्टचं नावही नेहमी एकच नसतं. उदाहरणार्थ, चित्रं हाताळणारी पिलो ही लायब्ररी बसवतो, पण इम्पोर्ट पीआयएल करतो.

एवढं करूनही मॉड्यूल सापडत नसेल, तर बहुधा पिप संगणकावर बसवलेल्या दुसऱ्याच पायथॉनचा असतो. नुसतं पिप न लिहिता ‘पायथॉन -एम पिप इन्स्टॉल’ वापरा.