नेटवर्कवरच्या मशीनला त्याचं नाव कसं विचारायचं

अंधेरीच्या एमआयडीसीतलं पंचवीसेक मशीनचं एखादं ऑफिस घ्या. राउटरच्या यादीत १९२.१६८.१.४७ हा पत्ता दिसतोय आणि तोच अख्खी लाइन खातोय. तो बिलिंगचा पीसी आहे, प्रिंटर आहे, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर) आहे की कुणाचा फोन? टेबलाखाली शिरून एकेक केबल उपसण्याआधी टर्मिनलवरून नाव विचारून बघा. काम दोन मिनिटांचं आहे, फक्त आपण कोणाला विचारतोय हे पक्कं माहीत हवं.

मुंबईच्या कुठल्याही इमारतीत फ्लॅटमधल्या माणसाचं नाव दोन ठिकाणी कळतं: खाली लिफ्टजवळच्या फळ्यावर, नाहीतर वर जाऊन बेल वाजवल्यावर. फळ्यावर तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या भाडेकरूचंही नाव असू शकतं. डीएनएस, म्हणजे नाव-पत्त्यांच्या नोंदी ठेवणारी व्यवस्था, हा तसा फळा आहे. मशीनला थेट विचारणं म्हणजे बेल वाजवणं. बहुतेक गोंधळ या दोन उत्तरांना एकच समजल्याने होतो.

खालच्या कमांड (वेगळं सांगितलं नसेल तिथे लिनक्सच्या) उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा. 'मोठा' असं वेगळं सांगितलेलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान.

आधी फळा वाचा

डिग -एक्स १९२.१६८.१.४७ +शॉर्ट

डिग हे काय करतं? पत्ता उलटा करून ४७.१.१६८.१९२.इन-अ‍ॅडर.आर्पा असं नाव बनवतं आणि त्याची पीटीआर नोंद, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद, मागतं. उलटा करण्याचं कारण साधं आहे. पत्त्यात मोठा भाग डावीकडे असतो, डोमेनच्या नावात उजवीकडे.

इथे काहीच छापून आलं नाही तर मशीनला नाव नाही असं ठरवू नका. +शॉर्ट काढून तीच कमांड पुन्हा द्या आणि 'स्टेटस' पुढचा शब्द वाचा. एनएक्सडोमेन म्हणजे विचारलेल्या सर्व्हरच्या मते असं नावच नाही. सर्वफेल म्हणजे सर्व्हरला उत्तर मिळवता आलं नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

एनएक्सडोमेन येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे प्रश्न भलत्याच ठिकाणी गेलेला असतो. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी असतात. लॅपटॉपवर ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस घातलेला असेल, तर तुमच्या ऑफिसातला ४७ नंबर कोण हे त्याला कळायला काही मार्गच नाही. म्हणून राउटरलाच विचारा:

डिग @१९२.१६८.१.१ -एक्स १९२.१६८.१.४७

राउटरचा पत्ता 'आयपी राउट' या कमांडच्या 'डिफॉल्ट व्हाया' असलेल्या ओळीत मिळतो. राउटरकडे नाव येतं ते डीएचसीपीतून, म्हणजे मशीनना आपोआप पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेतून. पत्ता मागताना मशीन पर्याय क्रमांक १२ मध्ये स्वतःचं नाव पाठवतं आणि राउटरवरचा डीएनएसमास्कसारखा प्रोग्रॅम ते टिपून ठेवतो. हातानं स्थिर पत्ता घातलेला एनव्हीआर डीएचसीपी मागतच नाही, त्यामुळे त्याचं नाव इथे सापडणार नाही. आणखी एक गोष्ट: ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरवर ही यादी तात्पुरत्या मेमरीत असते. लाइट जाऊन राउटर पुन्हा चालू झाला की फळा कोरा होतो. मशीन साधारणपणे पत्त्याच्या मुदतीच्या अर्ध्यावर नूतनीकरण मागतात, तेव्हा नावं परत येतात. मुदत १२ तासांची असेल तर नाव यायला सहा तासही लागू शकतात. घाई असेल तर त्या मशीनचं वायफाय बंद-चालू करा.

'गेटएंट होस्ट्स' ही कमांड आणि डिग वेगळं उत्तर देत असतील तर घाबरू नका. गेटएंट आधी मशीनवरची होस्ट्स फाइल (हातानं लिहिलेली नाव-पत्त्यांची यादी) बघतं, डिग ती बघतच नाही. जुन्या फाइलीत कुणीतरी लिहून ठेवलेली ओळ पुष्कळदा तिथेच सापडते.

आता बेल वाजवा

मशीनला थेट विचारायचे आज उपयोगी पडणारे मार्ग दोन. पहिला एमडीएनएस, म्हणजे मशीननं स्वतःच आपलं नाव सांगायची पद्धत, यूडीपी पोर्ट ५३५३. मॅक कॉम्प्युटर, आयफोन, लिनक्सवरचा अवाही हा प्रोग्रॅम आणि पुष्कळसे नेटवर्क प्रिंटर हा बोलतात.

डिग @१९२.१६८.१.४७ -पी ५३५३ -एक्स १९२.१६८.१.४७ +टाइम=१ +ट्राइज=१

पत्ता दोनदा आलाय ही चूक नाही. पहिला 'कोणाला विचारायचं', दुसरा 'कशाबद्दल विचारायचं'. शेवटचे दोन पर्याय गाळू नका, नाहीतर डिग पाच-पाच सेकंदांचे तीन प्रयत्न करत बसतं. उत्तरात '.लोकल' ने संपणारं नाव येतं. अवाहीची साधनं बसवलेली असतील तर 'अवाही-रिझॉल्व्ह -ए १९२.१६८.१.४७' यानेही तेच काम होतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर ती चांगली बातमी समजा. मशीन जिवंत आहे, फक्त त्या पोर्टवर कोणी बसलेलं नाही. नुसताच टाइमआउट आला तर मात्र फायरवॉल गिळतेय की मशीनच बंद आहे हे त्यावरून सांगता येत नाही.

दुसरा मार्ग नेटबायॉस, म्हणजे विंडोजची नाव सांगायची जुनी पद्धत, यूडीपी पोर्ट १३७. हिशेबनिसांच्या जुन्या विंडोज पीसींसाठी हाच कामी येतो.

एनएमबीलुकअप -ए १९२.१६८.१.४७

यातला 'ए' मोठा. विंडोजवरून विचारायचं तर 'एनबीटीस्टॅट -ए', तिथेही मोठाच. लहान दिला तर ती कमांड पत्त्याऐवजी नावाची अपेक्षा करते. उत्तरात चार-सहा ओळी येतात. <००> असलेली आणि 'ग्रुप' न लिहिलेली ओळ म्हणजे मशीनचं नाव. <००> आणि 'ग्रुप' दोन्ही असेल तर ते वर्कग्रुपचं नाव. <२०> दिसलं तर फाइल शेअरिंग चालू आहे. शेवटी मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा क्रमांक, येतो. तो सगळा शून्यांचा असेल तर समोर विंडोज नसून सांबा (विंडोजसारखं फाइल शेअरिंग करणारा प्रोग्रॅम) आहे असं धरून चाला.

नाव अर्धवट दिसलं तर ते बिघडलेलं नाही. नेटबायॉसमध्ये नावाला १५ अक्षरांचीच जागा असते, त्यापुढचं कापलं जातं. काहीच आलं नाही तर त्या पीसीवर नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलंय का ते बघा. तसं असेल तर विंडोजची फायरवॉल असे प्रश्न अडवते.

आयसीएमपीमधून, म्हणजे पिंगच्याच वाटेनं, नाव विचारायची सोयही १९९५ मध्ये आरएफसी १७८८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजानं मांडली होती. प्रश्नाला प्रकार ३७, उत्तराला ३८. कल्पना सुंदर होती, कारण त्यात मधला फळाच नको होता. पण ती रुजली नाही आणि २०१३ मध्ये ती अधिकृतपणे मोडीत काढली. आयपीव्ही६ मध्ये तिचा वारस आहे: आरएफसी ४६२०, प्रकार १३९ आणि १४०. लिनक्सवर रूटचे हक्क घेऊन असं विचारता येतं:

पिंग -६ -एन नेम एफएफ०२::१%ईटीएच०

इथला 'एन' मोठा, आणि टक्क्यानंतर तुमच्या इंटरफेसचं नाव, ते चुकलं तर प्रश्न बाहेरच पडत नाही. पण लिनक्सचा कर्नल स्वतः अशा प्रश्नाला उत्तर देत नाही. त्यामुळे शांतता हाच नेहमीचा अनुभव. यावर वेळ घालवू नका.

सगळ्यांनाच एकदम

एनमॅप -एसएल १९२.१६८.१.०/२४ ही कमांड (यातला 'एल' मोठा; /२४ म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते) कुठल्याही मशीनला हात न लावता नुसता फळा वाचते. -एसएन दिलं की कोण जागं आहे तेही तपासते. 'एनबीटीस्कॅन १९२.१६८.१.०/२४' सगळ्यांना नेटबायॉस नाव विचारते. हे फक्त आपल्या किंवा मालकानं परवानगी दिलेल्या नेटवर्कवर करा. सोसायटीचं किंवा को-वर्किंगमधलं वायफाय आपलं नसतं. शिवाय तिथे बहुतेकदा एका ग्राहकाचं मशीन दुसऱ्याला दिसतच नाही, त्यामुळे रिकाम्या उत्तराचा अर्थ लावता येत नाही.

इतकं करूनही ४७ नंबर गप्पच असेल तर 'आयपी नेबर' मध्ये त्याचा मॅक पत्ता बघा. त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला पत्ता आहे, म्हणजे बहुधा वायफायवरचा फोन. नसेल तर पहिल्या सहा अक्षरांवरून बनवणारी कंपनी शोधता येते, आणि कॅमेऱ्याची कंपनी निघाली की एनव्हीआरची खोली उघडायची.

मशीन सापडलं की तिथेच राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्यावर आयपी पत्ता राखून ठेवा आणि नाव द्या: १५ अक्षरांच्या आत, फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि मधे हायफन. अंडरस्कोर नको.