ओहतानीचा करार वाचायचा तर आधी कालनिर्णय काढा

भाचा शिकायला आमच्याकडे लालबागला राहतो आणि पहाटे साडेचारला उठून मोबाईलवर अमेरिकेतलं बेसबॉल बघतो. चाळीतली खोली एकच, म्हणजे मीही जागा. मग चहा, आणि चहाबरोबर त्याचे प्रश्न. परवा म्हणाला, "मामा, त्या जपानी खेळाडूचा, ओहतानीचा करार ७० कोटी डॉलरचा आणि वर्षाला हातात फक्त २० लाख? तुम्ही युनियनमध्ये होतात ना, सांगा."

भांडुपच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली चौदा कमिटीवर. बॅट हातात धरलेली नाही, पण मागणीपत्रं चार लढवली आहेत. तेव्हा बेसबॉलच्या पैशाची बातमी कशी वाचायची, ते त्याला सांगितलं तसंच इथे लिहितो.

पहिलं काम, डॉलरच्या आकड्यावर अंगठा ठेवा आणि तारखा शोधा. ओहतानीने डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्स संघाशी १० वर्षांचा करार केला. खेळेल तोवर वर्षाला २० लाख. उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या दहा वर्षांत, तेही बिनव्याजी. आजच्या भावाने ती रक्कम बरीच कमी भरते. संघाच्या पगारखर्चाला लीगने मर्यादा घातली आहे, ती ओलांडली की दंड बसतो. त्या हिशोबात ओहतानी वर्षाला साधारण ४ कोटी ६० लाखांनाच पडतो. आता उलटं बघा. मेट्स संघाने बॉबी बोनिया या खेळाडूचे ५९ लाख २००० साली मागे ठेवले, पण ८ टक्के व्याज कबूल केलं. म्हणून २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला त्याला जवळजवळ १२ लाख मिळताहेत. वहीत तीन रकाने आखा: कधी मिळणार, व्याज किती, दंडाच्या हिशोबात किती धरणार. हुआन सोटोचे ७६ कोटी ५० लाख, १५ वर्षांचे, त्यात मागे ठेवलेलं काहीच नाही, म्हणून तो करार एका ओळीत संपतो.

दुसरं, दिवस मोजा. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण इथे माझी जुनी ठसठस आहे.

कायम होण्याआधी मी एका दुसऱ्या कारखान्यात टेम्पररी होतो. आपल्या कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला असंच काढता येत नाही, नोटीस आणि भरपाई द्यावी लागते. माझे २३८ भरले आणि सकाळी गेटवर टाइमकीपरने कार्ड काढून घेतलं. म्हणाला, "ब्रेक आहे, पुढच्या महिन्यात ये." हातात डबा तसाच.

बेसबॉलमध्ये तो आकडा १७२ आहे. मोठ्या लीगच्या यादीवर मोसमात १७२ दिवस भरले की नोकरीचं एक वर्ष धरतात. पहिली साधारण तीन वर्षं संघ देईल तो पगार (किमान पगार ठरलेला, २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार), मग तीन वर्षं लवाद, आणि सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, हव्या त्या संघाकडे जायला. म्हणून नव्या पोराची बातमी आली की तो वर कोणत्या तारखेला आला ते बघा. २०१५ मध्ये शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने सरावाच्या सामन्यांत नऊ होमरन मारले, तरी त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. वर्षअखेर त्याचे भरले १७१. एक दिवस! मोकळं व्हायला पूर्ण एक वर्ष उशीर. त्याने तक्रार लावली, २०२० मध्ये तो हरला. पण खेळाडूंची युनियन ते विसरली नाही. युनियन आणि मालकांच्या २०२२ च्या करारात कलम आलं: सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलास तर पूर्ण वर्ष तुझं. पॉल स्कीन्स २०२४ मध्ये मे महिन्यात वर आला, तो किताब जिंकला आणि त्याला पूर्ण वर्ष मिळालं.

लवाद आपल्यासारखा नाही. आपण पाच हजार मागायचे, मालकाने पाचशे म्हणायचं, आणि दोन हजारांवर चहा. तिथे दोघांनी एकेक आकडा द्यायचा आणि तिघा लवादांनी त्यातला एकच उचलायचा, मधला नाही. वाढवून मागितलं की तुम्हीच पडता. त्यामुळे बहुतेक प्रकरणं सुनावणीआधीच मिटतात.

नवी पोरं संघ पाळीपाळीने निवडतात तो ड्राफ्ट, त्याला आयपीएलचा लिलाव समजू नका. लिलावात चार संघ भिडले की भाव चढतो. ड्राफ्टमध्ये ज्या संघाने नाव घेतलं त्याच्याशीच बोलायचं. वीस फेऱ्या, वरच्या प्रत्येक क्रमांकाची किंमत लीगने आधीच लिहिलेली. पोराच्या हातात पत्ता एकच, "मग मी कॉलेजला जातो", म्हणून बारावीच्या पोराला कधीकधी ठरल्यापेक्षा जास्त मिळतात. स्कीन्सला पहिल्या क्रमांकाचे ९७ लाख २१ हजार लिहिले होते, त्याने ९२ लाखांवर सही केली. वाचलेले संघाने इतर पोरांवर लावायचे. ड्राफ्ट फक्त अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोपुरता. आपले रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल २००८ मध्ये पायरेट्स संघाकडे गेले ते त्याबाहेरून.

शेवटचं, संप की टाळेबंदी हे महिन्यावरून ओळखा. खेळाडूंचा पगार मोसमात येतो, मालकांचा मोठा पैसा ऑक्टोबरच्या बाद फेरीत. म्हणून १९९४ मध्ये खेळाडू १२ ऑगस्टला बाहेर पडले आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज झालीच नाही. मालक मात्र थंडीत कुलूप लावतात: २०२१ मध्ये युनियनशी असलेला करार १ डिसेंबरला संपला, काही मिनिटांत टाळेबंदी, ९९ दिवस. माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ चा संप निघाला तेव्हा गोदामात कापड पडून होतं, असं ते नंतर सांगायचे आणि पुढे बोलायचे नाहीत.

२०२२ चा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा. भाच्याने कालनिर्णयावर त्या तारखेला लाल गोल केलाय, दुधाच्या हिशोबाच्या अगदी शेजारी. ही विचारते, कोणाचं लग्न आहे?