मोरो तलवार समोर आली तर नाव कसं ठरवायचं

ऑक्शनच्या लिस्टिंगवर काय लिहिलंय ते आधी बाजूला ठेवा, कारण बऱ्याच विक्रेत्यांना पातं नागमोडी दिसलं की ती क्रिस आणि सरळ दिसलं की बोलो (फिलिपिन्सचा रोजच्या कामाचा कोयता), यापलीकडे काही माहीत नसतं. मोरो म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधले मुस्लिम समाज, त्यांच्या हत्यारांचं नाव पात्यावरून ठरतं, मुठीवरून नाही. मुठी तुटतात, बदलतात, आणि मुठीचं काकाकुव्याच्या डोक्यासारखं टोक तर क्रिसलाही असतं नि बारोंगलाही, मग नुसती मूठ बघून काय कळणार.

सोप्पं आधी संपवू. एकच धार, जाड पाठ आणि मध्ये फुगलेलं पानासारखं पातं म्हणजे बारोंग, सुलू बेटांवरचे तौसुग आणि बासिलान बेटावरचे याकान या मोरो समाजांकडचं. मुठीपाशी अरुंद, टोकाकडे रुंद होत गेलेलं लांबलचक पातं, टोकाला बहुतेकदा बारीकसा काटा आणि मूठ आ वासलेल्या जबड्यासारखी, तर कांपिलान, हे जास्त करून मागिंदानाओ आणि मारानाओ या मोरो समाजांचं. पुढे वाकलेलं जड पातं नि लांब दांडा दिसला की पानाबास. छोटा खंजीर असेल तर गुनोंग.

खरी गंमत क्रिसची. ती दुधारी असते पण नागमोडी असायलाच हवी असं काही नाही, सरळही असतात आणि अर्धी नागमोडी अर्धी सरळ अशाही असतात. जावाची क्रिस हलकी, मुख्यतः भोसकायची, मोरो क्रिस मोठी आणि वार करायची, म्हणून पातं मुठीतून हलू नये याला धातूच्या पट्ट्या लावलेल्या असतात, त्यांना आसांग-आसांग म्हणतात. मुठीलगतचा रुंद भाग म्हणजे गांग्या. जुन्या क्रिसमध्ये तो वेगळा तुकडा असतो, नंतरच्या बऱ्याच क्रिसमध्ये अख्खं पातं एकसंध आणि सांध्याच्या जागी नुसती कोरलेली रेघ. हे ओळखायला पातं कडेवर उभं धरा, टॉर्च तिरका मारा, सांधा खरा असेल तर रेघ कडेवरूनही जाते, कोरलेली असेल तर सपाट बाजूवरच थांबते. घरी ॲसिड लावून पोलादाचे थर बघायच्या भानगडीत मात्र पडू नका प्लीज.

अमेरिकन सैनिकांनी 1899 ते 1913 च्या लढायांच्या काळात बरीच हत्यारं घरी नेली, त्यामुळे बुद दाजो किंवा बुद बाग्साक या लढायांची चिठ्ठी जोडलेला माल दिसतो. चिठ्ठी वाचा, पण पैसे पात्याचे द्या! दुसऱ्या महायुद्धानंतर टुरिस्टांसाठी बनवलेल्या मालाचं पातं पातळ, धार नावाला आणि चमक भरपूर.

भारतात मागवणार असाल तर 1959 चा शस्त्र कायदा नि कस्टम्सचे नियम आधी बघून घ्या. आणि विक्रेत्याकडे फोटो मागताना म्यानातला एकही नको, गांग्याचा दोन्ही बाजूंनी क्लोजअप, पाठीचा एक आणि मुठीच्या तोंडाशी पातं शिरतं तिथला एक, एवढं पुरतं.